टॅबलेट वर्गात आले, शिक्षकांचा कोर्सही झाला. फरक पडला का, हे कसं ठरवायचं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. एक शिक्षणसंस्था आपल्या २० शाळांमध्ये सहावीच्या गणितासाठी टॅबलेटवरचं सराव-ॲप वापरते. आठवड्यातल्या तीन तासिका मुलं त्यावर गणितं सोडवतात. शिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स झाला. जवळपास सगळ्यांनी तो पूर्ण केला आणि अभिप्रायही छान दिले. कंपनीच्या अहवालात वापराचे चढते आलेख आहेत. आता उरलेल्या ४० शाळांमध्ये हाच उपक्रम न्यायचा का, हे संचालक मंडळाला ठरवायचं आहे. समन्वयक म्हणून तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: मूल्यमापन कसं करायचं, आणि कोर्स यशस्वी झाला असं म्हणता येईल का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकते: अजून म्हणता येणार नाही. का, ते पुढे येईलच. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे, पण सुरुवात अगदी साध्या चौकशीने करा. त्या तीन तासिका कुठून आल्या?

ही चौकशी बहुतेक जण करतच नाहीत. ॲप चांगलं की वाईट यावर तासन्‌तास चर्चा होते, पण ते कशाच्या जागी आलं हे वेळापत्रकात बघायला कोणी जात नाही. गुजरातमध्ये ज्ञानशाला या स्वयंसेवी संस्थेच्या शाळांमध्ये संगणकावरच्या गणित-सरावाची एक चाचणी झाली होती. तिचा अहवाल २००८ मध्ये आला. सॉफ्टवेअर एकच, पण ते दोन पद्धतींनी वापरलं गेलं. काही वर्गांत ते शिक्षकाच्या नेहमीच्या तासाऐवजी चाललं, काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर, जादा म्हणून. जादा वेळ मिळालेली मुलं ०.२८ प्रमाण विचलनाने पुढे गेली. शिकवण्याच्या तासाऐवजी संगणकावर बसलेली मुलं ०.५७ ने मागे पडली. म्हणजे ज्या सॉफ्टवेअरने एकीकडे फायदा केला, त्यानेच दुसरीकडे नुकसान केलं, कारण तिथे चांगला चाललेला तास काढून त्याला जागा दिली होती. (प्रमाण विचलन हे मुलांचे गुण किती विखुरलेले आहेत ते सांगणारं माप. शालेय उपक्रमांच्या बाबतीत मोठ्या, काटेकोर अभ्यासांत ०.२० च्या वरचा फरक मोठाच धरतात.)

तेव्हा २० शाळांची वेळापत्रकं मागवा. कुठे गणिताच्याच तासिका ॲपला दिल्या असतील, कुठे चित्रकला किंवा खेळाच्या, कुठे ऑफ तास. या तीन प्रकारच्या शाळांत खरं तर तीन वेगवेगळे उपक्रम चालू आहेत, फक्त नाव एक आहे. खेळाच्या तासिका गेल्या असतील तर गणिताचे गुण वाढतीलही, पण त्याची किंमत तुमच्या चाचणीत दिसणार नाही. आणखी एक बघा: मुलं टॅबलेटवर असताना शिक्षक काय करतात? माझ्या पाहण्यातलं सर्रास उत्तर म्हणजे वह्या तपासतात किंवा माहिती भरतात. हा दोष शिक्षकांना देण्यात अर्थ नाही. त्या वेळात त्यांनी काय करायचं, हे कोणी सांगितलेलंच नसतं.

कंपन्या दाखवतात त्या यशोगाथांनाही हीच चौकशी लावा. २०१५ मध्ये दिल्लीत माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरची चाचणी झाली. तिथे केंद्रात प्रवेश सोडतीने दिला होता, म्हणजे प्रवेश मिळालेली आणि न मिळालेली मुलं मुळात सारखीच होती आणि तुलना चोख होती. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ प्रमाण विचलनाची वाढ दिसली. आकडा घसघशीत आहे आणि खरा आहे. पण ती केंद्रं शाळा सुटल्यावर चालणारी होती. रोज ४५ मिनिटं सॉफ्टवेअर आणि त्याखेरीज ४५ मिनिटं छोट्या गटात शिकवणी, असा तो दीड तास होता. शिवाय ते सॉफ्टवेअर मूल जिथे आहे तिथून सुरुवात करत होतं. सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे असल्याचं त्याच अभ्यासात दिसलं होतं. अशा मुलाला सहावीच्या धड्याचा सराव कितीही दिला तरी उपयोग नाही, त्याला चौथीच्या भागाकारापासून उचलावं लागतं. तुमचं ॲप तसं करतं का? की पाठ्यपुस्तकातली गणितंच पडद्यावर दाखवतं? डेमो बघताना हे कळत नाही. एका कच्च्या मुलाच्या नावाने स्वतः बसा, मुद्दाम दहा उत्तरं चुकवा आणि अकरावं गणित कुठल्या इयत्तेचं येतं ते बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि नुसतं उपकरण दिल्याने काय होतं, याचं उत्तर पेरू देशाने दिलेलं आहे. 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या योजनेची तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांत चाचणी झाली. २०१२ च्या अहवालानुसार सुमारे १५ महिन्यांनंतर गणितात आणि भाषेत काहीही फरक सापडला नाही. लॅपटॉप पोचले होते, वापरलेही जात होते. शिकवण्याची रीत मात्र होती तीच राहिली.

आता तुलनेकडे वळते. सध्या तुमच्याकडे 'आधी आणि नंतर' आहे: जूनमध्ये मुलांना इतके गुण, मार्चमध्ये तितके. ती वाढ ॲपची म्हणता येत नाही, कारण वर्षभर शाळेत गेलेलं मूल ॲप नसतानाही काहीतरी शिकतंच. दुसरं, तुमच्या २० शाळा कशा निवडल्या होत्या? मुख्याध्यापकांनी स्वतःहून होकार दिला म्हणून घेतल्या असतील, तर त्या मुळातच उत्साही शाळा आहेत. उलट सर्वांत कमी निकाल लागलेल्या शाळा निवडल्या असतील, तर पुढच्या वर्षी त्यांतल्या बऱ्याच जणी काही न करताही थोड्या वर येतील. एखाद्या वाईट वर्षाच्या जोरावर जी शाळा तळाला गेली, ती पुढच्या वर्षी सरासरीकडे सरकतेच. दोन्हीकडे श्रेय मात्र ॲपला जातं.

कंपनीच्या अहवालातलं एक वाक्य तर मला पाठ झालंय: 'ज्या विद्यार्थ्यांनी आठवड्याला शिफारस केलेला वेळ सराव केला, त्यांची प्रगती अधिक झाली.' असेलही. पण नियमाने सराव करणारी मुलं कोण? ज्यांना गणित जमतं, ज्यांची हजेरी चांगली आहे, ज्यांच्या घरी कोणी विचारणारं आहे, ती. ॲप नसतं तरी ती पुढेच असती. हे वाक्य दिसलं की दोन गोष्टी मागा: शिफारशीइतका वापर करणारी मुलं एकूण मुलांपैकी किती, आणि उरलेल्यांचं काय झालं. पहिला आकडा बऱ्याचदा इतका लहान निघतो की मग दुसरा विचारायची गरजच पडत नाही.

सुदैवाने तुमच्या हातात एक संधी आहे. ४० शाळा अजून बाकी आहेत आणि सगळीकडे एकदम टॅबलेट पोचवणं तसंही जमणार नाही. मग क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. चिठ्ठीत आधी निघालेल्या २० शाळांना यंदा, उरलेल्या २० ना पुढच्या वर्षी. कोणालाच कायमचं वगळलेलं नसल्यामुळे तक्रारीला फारशी जागा राहत नाही, आणि एक वर्षभर तुम्हाला खरीखुरी तुलना मिळते. चिठ्ठी सर्वांसमोर टाका. 'अमुक शाळेला आधी देऊ या' असे फोन त्यानंतर कमी येतात.

पण आकड्यांबद्दल फार आशा ठेवू नका. इथे भलेभले फसतात. शाळा २० आणि प्रत्येक शाळेतली मुलं ४०, म्हणजे ८०० मुलं असं आपण धरतो. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, तोच शिक्षक, तीच वस्ती, तीच शिस्त. गुणांमधल्या एकूण फरकापैकी २० टक्के फरक शाळाशाळांमधला असेल, तर त्या ८०० मुलांकडून मिळणारी माहिती साधारण ९० सुट्या मुलांइतकीच ठरते. ४० शाळांच्या तुलनेत ०.४ प्रमाण विचलनापेक्षा लहान फरक खात्रीने पकडता येणार नाही. आधीच्या चाचणीचे गुण हिशेबात घेतले तर ही मर्यादा ०.३ च्या आसपास येईल. म्हणजे प्रत्यक्षात ०.१५ चा बऱ्यापैकी परिणाम झाला तरी तुमच्या अहवालात 'फरक आढळला नाही' असंच येण्याची शक्यता जास्त. मंडळाला हे निकाल लागण्याआधी सांगून ठेवा. आणि याच कारणामुळे नुसत्या गुणांवर सगळी भिस्त ठेवू नका, वर्गात काय घडतंय हे बघणंही तितकंच गरजेचं आहे.

चाचणीबद्दल थोडक्यात. ती कंपनीची नको. ॲपमध्ये ज्या साच्याची गणितं सोडवली त्याच साच्याची चाचणी दिली तर गुण वाढणारच. चाचणी कागदावर घ्या, तिच्यात तिसरी-चौथीच्या पातळीचीही गणितं ठेवा (नाहीतर कच्च्या मुलांना आधीही शून्य आणि नंतरही शून्य), आणि सुट्टीनंतर दोन-तीन महिन्यांनी तीच एकदा पुन्हा घ्या. वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले होते. दुसऱ्या वर्षाअखेर त्यांची वाढ ०.४७ होती, पण कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर त्यातला थोडाच भाग उरला होता.

ॲपच्या नोंदी निरुपयोगी नसतात, मात्र त्या वाचायच्या कशा हे माहीत हवं. समजा एका मुलाच्या नावापुढे ३८ मिनिटं, ५२ गणितं, अचूकता ३१ टक्के असं दिसतंय. डॅशबोर्डवर, म्हणजे शिक्षकाला वर्गाचा आढावा दाखवणाऱ्या पडद्यावर, हे मूल 'सक्रिय' म्हणून हिरवं दिसेल. चार पर्यायांचे प्रश्न असतील तर डोळे मिटून बोट टेकवलं तरी २५ टक्के बरोबर येतात. प्रत्येक उत्तराला किती सेकंद लागले ते बघा. अपूर्णांकांच्या बेरजेला तीन सेकंद लागत असतील, तर ते मूल गणित वाचतसुद्धा नाहीये. अशी मुलं वर्गात किती आहेत, ही एक यादी शिक्षकाला दर आठवड्याला मिळाली तर ती सगळ्या आलेखांपेक्षा जास्त कामाची. बहुतेक ॲप्स ती देत नाहीत. मागितली तर देऊ शकतात.

आता कोर्सकडे येते. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनात डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या अजून वापरल्या जातात: आवडलं का, शिकलात का, कामात वापरलंत का, आणि त्याने काही बदललं का. तुमच्याकडचा अभिप्राय ही पहिली पायरी. कोर्सच्या शेवटची प्रश्नमंजूषा ही दुसरी, तीही अर्धीच, कारण कितीही वेळा सोडवता येणाऱ्या प्रश्नमंजूषेची उत्तरं दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपच्या गटावर फिरत असतात, हे आपण सगळेच जाणतो. व्हिडिओ एका खिडकीत चालू आणि गुणपत्रकं दुसऱ्या खिडकीत, हेही काही गुपित नाही. कोर्ससाठी शिक्षकांना शाळेच्या वेळेतून वेळ दिला होता का? नसेल तर तो रात्रीच्या जेवणानंतरच्या तासातून आला, आणि त्या तासात माणूस 'नेक्स्ट'चं बटण दाबत राहतो. वेळापत्रकातली चौकशी इथेही लागू होते.

पूर्ण करणाऱ्यांची टक्केवारी सक्ती किती होती ते सांगते, शिकणं किती झालं ते नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन कोर्सेसवरच्या २०१९ च्या अभ्यासात २०१७-१८ या वर्षी नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला होता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये मात्र हेच प्रमाण ४६ टक्के होतं. कोर्स तेच, शिकवणारे तेच. तुमचा कोर्स बंधनकारक होता, तेव्हा तिथली मोठी टक्केवारी बघून हुरळून जायचं कारण नाही.

मग बघायचं काय? तिसरी पायरी: वर्ग. एक प्रसंग सांगते, असे वर्ग मी पुष्कळ पाहिलेत. अपूर्णांकांची बेरीज चालू आहे. एका मुलीने १/२ + १/३ = २/५ असं उत्तर दिलं. ॲपने लाल फुली दाखवली, योग्य रीत पडद्यावर आली, मुलीने 'पुढे' दाबलं आणि पुढच्या गणितात पुन्हा अंशात अंश, छेदात छेद मिळवले. बाईंच्या डॅशबोर्डवर 'अपूर्णांक' या विषयापुढे लाल ठिपका आला. कोर्समध्ये त्यांना ठिपका कुठे दिसतो हे शिकवलं होतं, म्हणून त्यांनी तो पाहिला आणि 'अजून दहा गणितं सोडव' असं सांगितलं. दुसऱ्या एका वर्गात हीच चूक झाली तेव्हा तिथल्या बाईंनी टॅबलेट उलटे ठेवायला लावले आणि फळ्यावर विचारलं, "१/२ मोठा की २/५?" थोडा गोंधळ झाला. मग एक मुलगा म्हणाला, "बाई, १/२ मोठा. मग मिळवल्यावर कमी कसं झालं?" पुढची पाच मिनिटं वर्गच बोलत होता.

दोघींनीही कोर्स पूर्ण केलेला, दोघींचा अभिप्राय उत्तम. फरक गणिताच्या जाणकारीत होता: ही चूक का होते आणि कुठल्या प्रश्नाने ती मुलाला स्वतःला दिसते. ॲपची बटणं शिकवणाऱ्या कोर्समध्ये हे येत नाही. साधन, विषय आणि शिकवण्याची रीत ही तिन्ही ज्ञानं एकत्र विणली गेली पाहिजेत, अशी मांडणी मिश्रा आणि कोहलर यांनी २००६ मध्ये केली. ती आता प्रत्येक सादरीकरणात दिसते, कोर्समध्ये क्वचित.

वर्गनिरीक्षणाचा फॉर्म लहान ठेवा. मी तीनच गोष्टी नोंदवायला सांगते. तासाआधी शिक्षकाने मुलांच्या चुका पाहिल्या होत्या का? त्या पाहून तासात काही बदललं का? आणि एखाद्या मुलाने आपली रीत स्वतःच्या शब्दांत सांगितली का? पहिल्या काही भेटींना दोन निरीक्षक पाठवा आणि त्यांच्या नोंदी जुळतात का बघा. 'आधी कळवून गेलो तर शिक्षक तयारी करतात' अशी हरकत नेहमी येते. करू द्या. तयारी करून दाखवलेल्या तासातही चुकांचा उपयोग केलेला दिसला नाही, तर एरवी तो नक्कीच होत नसणार. मात्र या नोंदी गोपनीय अहवालात किंवा वेतनवाढीत जाणार नाहीत हे लेखी द्या, आणि ते पाळा.

कोर्स पुन्हा घ्यायचा असेल तर सहा आठवड्यांचा सलग नको. एक भाग, मग आपल्याच वर्गात त्यावरचं एक काम, मग परत येऊन त्यावर बोलणं, असा तो वर्षभर पसरवा. भाग पुढच्या आठवड्यात शिकवायच्या धड्याशी जोडलेला असावा. गृहपाठ म्हणून बहुपर्यायी प्रश्न देण्याऐवजी आपल्या वर्गातल्या तीन चुकलेल्या वह्यांचे फोटो आणि 'या मुलाने असा विचार का केला असेल' याच्या चार ओळी मागा. त्याची तयार उत्तरं गटावर फिरू शकत नाहीत. आठ-दहा शिक्षकांमागे त्या ओळी वाचून उत्तर देणारा एक जाणता माणूस हवा. खर्च इथेच वाढतो, आणि काटछाट करताना पहिला हात इथेच घातला जातो.

त्या माणसाचं मोल काय, याचा पुरावा आहे. शिक्षकाला त्याच्या वर्गातल्या कामावर वैयक्तिक मार्गदर्शन देणाऱ्या कार्यक्रमांच्या ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकवण्यात ०.४९ आणि मुलांच्या गुणांत ०.१८ प्रमाण विचलनाची वाढ दिसली, पण कार्यक्रम मोठा होत गेला तसा परिणाम घटला. हे मार्गदर्शन ऑनलाइन देता येईल का? दक्षिण आफ्रिकेत इंग्रजी शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षकांवर नेमकी हीच तुलना झाली: काही शाळांत मार्गदर्शक प्रत्यक्ष जायचे, काही ठिकाणी टॅबलेट आणि फोनवरून. पहिल्या वर्षाअखेर मुलांच्या बोलण्यातली प्रगती दोन्हीकडे सारखीच दिसली. तिथेच मोजणं थांबवलं असतं, तर स्वस्त पर्याय जिंकला असता. तीन वर्षांनंतर प्रत्यक्ष भेटींच्या शाळांत इंग्रजी बोलण्यात ०.३१ ची वाढ होती, ऑनलाइनमध्ये ०.१२. वाचनात ऑनलाइनचा काहीच फायदा नव्हता, आणि त्या मुलांचं मातृभाषेतलं वाचन-लेखन मागे पडलं होतं. तिथेही कशाची तरी जागा गेली होती.

यावरून ऑनलाइन सगळंच टाकाऊ असा अर्थ काढू नका. पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात आठवीच्या गणित-विज्ञानासाठी शिक्षकांना छोटे व्हिडिओ, टॅबलेट आणि वर्गातल्या पडद्याची जोड दिली, तेव्हा चार महिन्यांत ०.३ च्या आसपास वाढ झाली. तशाच प्रकारचं साहित्य शिक्षकाला बाजूला ठेवून थेट मुलांच्या हाती दिलं, तेव्हा फायदा झाला नाही. तुमच्याकडचे टॅबलेट अपुरे असतील, तर मुलांचे थोडे कमी करून शिक्षकांच्या आणि मार्गदर्शकांच्या हाती आधी द्या.

खर्चाच्या कोष्टकात दुरुस्ती, चार्जिंग, नेटवर्क, शिक्षकांचे तास आणि तीन-चार वर्षांनी बदलावी लागणारी उपकरणं धरा. पहिलं वर्ष फुकट देणाऱ्या कंपनीचा दुसऱ्या वर्षाचा दर आत्ताच लेखी घ्या. करारात तीन कलमं घाला: प्रत्येक उत्तराच्या कच्च्या नोंदी संस्थेला मिळतील, मुलांची माहिती दुसऱ्या कोणाला दिली जाणार नाही, आणि मूल्यमापनाचा निकाल प्रतिकूल असला तरी तो जाहीर करण्याचा हक्क संस्थेचा राहील. तिसऱ्या कलमावर कंपनी किती कुरकुर करते, तेही टिपून ठेवा.

मंडळाला याच महिन्यात निर्णय हवा असेल, तर ४० नको, २० म्हणा, आणि त्या चिठ्ठीने. पायाभूत चाचणी मात्र चाळीसही शाळांत घ्या, आणि टॅबलेटची खोकी उघडण्याआधी. नंतर ती घेता येत नाही.